हापूस आणि होमस्टेच्या व्हिडिओवर पावणेदोन लाख घालावेत का?

देवगडची_बागायतदारीण

नमस्कार मंडळी. आमची कुणकेश्वरच्या बाजूला हापूसची कलमं आहेत आणि घराला लागूनच चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. आत्तापर्यंत जाहिरात म्हणजे व्हॉट्सअॅप स्टेटस आणि येऊन गेलेल्या पाहुण्यांनी चार जणांना सांगितलेलं, बस्स. यंदा नीट प्रोफेशनल व्हिडिओ करून घ्यायचा म्हणून पुण्याच्या एका टीमचं कोटेशन मागवलं आणि तेव्हापासून घरात दोन तट पडलेत.

कोटेशन असं आलंय: स्क्रिप्ट आणि आधी जागा बघून जाणं १५ हजार, दोन दिवसांचं शूट (कॅमेरामन, असिस्टंट, कॅमेरा, लाईट सगळं धरून) ६४ हजार, ड्रोन १२, साउंड ८, एडिटिंग आणि कलर ३०, व्हॉइसओव्हर आणि म्युझिक ९, गाडीभाडं १२ हजार. झाले दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी २७ हजार, म्हणजे १ लाख ७७ हजार. राहणं-जेवण आमच्याकडेच. मिळणार काय तर दोन मिनिटांची एक फिल्म आणि मोबाईलवर उभ्या दिसतील अशा १२ छोट्या क्लिप.

माझं मत, खर्च करावा. आकडा ऐकून सगळे दचकतात पण तो एका वर्षावर का टाकायचा? तीच कलमं, तीच पडवी, तोच समुद्र, तीन सीझन हा माल आरामात वापरता येतो, म्हणजे वर्षाला ५९ हजार. वाशीला दलालाकडे पेटी टाकली आणि तीच थेट गिऱ्हाइकाला दिली तर आमच्या हिशोबाने पेटीमागे ६०० रुपये जास्त सुटतात, म्हणजे वर्षाला साधारण १०० पेट्या जास्त थेट गेल्या की खर्च वसूल, होमस्टेचं बुकिंग मी यात धरलेलंच नाही. आणि दुसरं म्हणजे बाजारात कुठलाही आंबा देवगड म्हणून खपवतात, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळून पण ते थांबलेलं नाही, तेव्हा आपली बाग, आपली माणसं, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा, पेंढ्यात पिकायला लावलेली आढी हे स्वच्छ दिसलं तर माणूस विश्वासाने पैसे पाठवतो असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं?

मालवणचो_झिल

ताई, तुझा म्हणणा माका पटता, पण पैशे खयसून येतले ता आदी बघूक होया.

आता नीट लिहितो. पेटीमागे ६०० सुटतात हा आकडा मला मान्य नाही. थेट विकताना कुरिअर किंवा ट्रॅव्हल्सचं भाडं, खोका, वाटेत खराब झालेल्या फळाची भरपाई, "आंबा अजून कच्चा आहे" म्हणून येणारे फोन, आणि हे सगळं सांभाळायला सीझनभर एक माणूस, ते धरा आणि मग सांगा. माझ्या मेव्हण्याची बाग आहे, त्याला पेटीमागे ३०० च्या वर काही सुटत नाही. मग तुमच्या ५९ हजारासाठी १०० नाही, जवळजवळ २०० पेट्या जास्त विकाव्या लागतील. चार खोल्या बघत बघत घरची दोन माणसं ते करणार कशी?

आज चांगला मोबाईल फोर-के शूट करतो. कॉलरला लावायचा वायरलेस माइक दोन-तीन हजारात येतो. तुमच्याच घरातल्या मुलीने रोज सकाळी बागेतून एक मिनिट बोलावं, ते लोक जास्त बघतात कारण ते आजचं असतं. उरलेले पैसे पत्र्याची शेड, क्रेट, पॅकिंगला घाला. व्हिडिओ बघून गिऱ्हाईक आलं आणि पेटीत चार आंबे डागी निघाले तर तो व्हिडिओ तुम्हाला वाचवणार नाही.

रत्नांग्रीचा_कॅमेरा

मी याच धंद्यात आहे, लग्नं करतो आणि हल्ली हॉटेल, काजू फॅक्टरी वगैरेंची कामं पण. त्यामुळे मी कोणाच्या बाजूने बोलणार ते उघड आहे, पण कोटेशनमध्ये काय चुकतंय ते पण सांगतो.

लोक कॅमेऱ्याचे पैसे बघतात. खरे पैसे वेळेचे असतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळी नऊनंतर ऊन इतकं कडक की झाडाखालचा माणूस काळा आणि मागचं आकाश पांढरं फटक. साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर सूर्य बुडेपर्यंत, दिवसाला पाच तासच कामाचे. त्यात किनारा दाखवायचा असेल तर भरती-ओहोटीचं टेबल बघावं लागतं, वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तुम्हाला ओहोटीची रुंद वाळू आणि सूर्यास्त एकत्र हवा असेल तर महिन्यातले ठराविकच दिवस मिळतात. बाहेरून येणारी टीम हे न बघता शनिवार-रविवार धरून येते आणि भरतीत अर्धी वाळू पाण्याखाली. म्हणून स्क्रिप्ट आणि रेकीचे (आधी जागा बघून जाण्याचे) १५ हजार कोणी वाचवायला सांगितले तर वाचवू नका, बाकी कुठेही कापा.

आणि ताई, सलग दोन दिवस कशाला? मोहोर डिसेंबर-जानेवारीत, तोड एप्रिलमध्ये. सलग दोन दिवस शूट केलंत तर एकच ऋतू मिळणार. त्याऐवजी एक दिवस जानेवारीत आणि एक एप्रिलमध्ये घ्या. पुण्याच्या टीमला दोनदा आणणं परवडत नाही, पण रत्नागिरी-कणकवलीचे पोरगे दिवसाला २०-२२ हजारात येतात, सकाळी येऊन रात्री परत. जमलं तर पावसाळ्यातला एक अर्धा दिवस पण घ्या, जुलैमधली हिरवी बाग आणि कौलांवरून गळणारं पाणी, होमस्टेला तेच लागतं कारण पावसात खोल्या रिकाम्या असतात. दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, एसी गाडीतून काढल्यावर अर्धा तास कॅमेरा नुसता ठेवावा लागतो, तो वेळ पण धरा.

हिशोबनीस

बाकीचं तुम्ही ठरवा, मी फक्त करावर बोलतो कारण तिथे कोणाचं लक्ष नाही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. म्हणजे तुम्ही टीमला जे २७ हजार भराल त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) आंब्याच्या विक्रीतून मिळणार नाही. होमस्टेची जीएसटी नोंदणी नसेल तर तिकडूनही नाही. थोडक्यात ते २७ हजार पूर्ण तुमच्या खिशातून. लहान स्थानिक व्हिडिओवाला, ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी घेतलेली नाही, तो जीएसटी लावत नाही. निव्वळ एवढ्यावर दोन कोटेशनमध्ये १८ टक्क्यांचा फरक पडतो, तुलना करताना करासकट आकडे शेजारी शेजारी ठेवा.

पैसे एकदम देऊ नका. निम्मे आधी, थोडे शूट झाल्यावर, आणि शेवटचे फायनल फाइल हातात आल्यावरच.

दापोलीकर_काकू

मालवणच्या भावाशी मी सहमत नाही. मोबाईलचे व्हिडिओ आम्ही तीन वर्षं टाकले, रिसॉर्टचे. लोक बघतात, बदाम टाकतात आणि पुढे जातात. ज्याला कुटुंबाला घेऊन १२-१५ हजार खर्चून यायचंय तो खोली कशी आहे, न्हाणीघर स्वच्छ आहे का, बीचवर चालत जाता येतं का ते बघतो, आणि ते अंधाऱ्या हलत्या व्हिडिओत कळत नाही. घरातलीच मुलगी शूट करेल हे बोलायला सोपं आहे, सीझनमध्ये तीच मुलगी नाश्ता, चादरी, चेक-इन करत असते.

पण आमचा एक वाईट अनुभव सांगते. आधी काम दिलेल्या एका टीमने फिल्म दिली, छान होती, नंतर वर्षभराने नवीन क्लिप काढायच्या म्हणून मूळ फुटेज मागितलं तर म्हणाले डिलीट केलं. करारात काही लिहिलेलंच नव्हतं. पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच तसं आहे, पण फुटेज पुसूनच टाकलं तर कायदा घेऊन काय करायचं. त्यामुळे ताई, मूळ फुटेज मिळणार हे कागदावर घ्या आणि हार्डडिस्क स्वतः विकत घेऊन द्या.

रत्नांग्रीचा_कॅमेरा

काकूंना शंभर टक्के अनुमोदन. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूट केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, दोन दिवसांत सहा तासांचं फुटेज झालं तर २७० जीबी, म्हणजे एक टीबीची डिस्क पुरते. दुरुस्त्या किती वेळा करून मिळणार हे पण लिहून घ्या, दोन फेऱ्या ठीक आहेत, पुढे प्रत्येक फेरीला पैसे, भांडणं तिथेच होतात.

मालवणचो_झिल

ड्रोनचे १२ हजार तरी काढा. आमच्या इथे प्रत्येक होमस्टेच्या व्हिडिओत तोच वरून किनारा, तीच नारळाची झाडं, आवाज बंद केला तर तारकर्ली की आरे-वारे कळणार नाही. वर परवानगीची भानगड वेगळी, आमच्या बाजूला चिपी विमानतळ आहे. किल्ल्यावर तर विषयच नाही, सिंधुदुर्ग काय आणि तुमच्या जवळचा विजयदुर्ग काय, दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, जाहिरातीचं शूट करायचं तर रीतसर परवानगी आणि फी.

रत्नांग्रीचा_कॅमेरा

ड्रोनबद्दल खरंय. २०२१ च्या नियमांनंतर ग्रीन झोनमध्ये (सरकारी नकाशावर ड्रोनला मोकळ्या ठेवलेल्या भागात) ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी हवीच, आणि धंद्याच्या कामाला २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायचा तर पायलटचं सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा पण हवा. कोटेशन घेताना हे कागद मागा, अर्ध्यांकडे नसतात. तुमच्या बागेला वरून बघण्यासारखा उतार, समुद्राकडे तोंड, असं काही असेल तर घ्या, नाहीतर ते पैसे साउंडला लावा. समुद्राचा वारा माइकमध्ये घुसला की बागायतदाराचं बोलणं वाया जातं, आणि माणसाचं बोलणं ऐकूनच तर पेटी बुक होते. सिनेमातलं गाणं मागे लावू नका, धंद्याच्या जाहिरातीला ते लायसन्सशिवाय चालत नाही, व्हिडिओ म्यूट होतो किंवा उडतो.

देवगडची_बागायतदारीण

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री यजमान आणि मी वही घेऊन बसलो. दुसरा हिशोब असा मांडलाय: स्थानिक टीम, एक दिवस जानेवारीत मोहोराचा, एक एप्रिलमध्ये तोडीचा, दिवसाला २२ प्रमाणे ४४ हजार. स्क्रिप्ट आणि रेकी १०, साउंड ८, एडिटिंग ३०, व्हॉइसओव्हर-म्युझिक ९, दोन फेऱ्यांचं गाडीभाडं ८. ड्रोन नाही. झाले १ लाख ९ हजार, वर अडीअडचणीला ११ ठेवले, १ लाख २० हजार. आणि पहिल्या कोटेशनमध्ये जो विषयच नव्हता तो, व्हिडिओ लोकांपर्यंत पोचवायला पैसे देऊन जाहिरात, त्याला २५ हजार. एकूण १ लाख ४५.

झिलदादा, तुमचा पेटीमागे ३०० चाच आकडा धरला. तीन सीझनमध्ये वाटले तर वर्षाला ४८ हजाराच्या थोडं वर, म्हणजे १६१ पेट्या. अवघड आहे पण अशक्य मला वाटत नाही, कारण मागच्या सीझनला स्टेटस बघूनच इतक्या चौकश्या आल्या की आम्ही नाही म्हणत होतो. एक मात्र ठाम सांगते, रोजचे मोबाईल व्हिडिओ आणि हे काम एकमेकांच्या जागी येत नाहीत. अनोळखी माणसाला आपण कोण आहोत ते एकदा नीट दाखवावं लागतं, मग तो रोजचं बघतो.

मालवणचो_झिल

जानेवारी-एप्रिलची वाटणी चांगली केलीत आणि ड्रोन काढलात ते बरं झालं. माझा विरोध अजून आहे तो १६१ पेट्यांवर. चौकश्या आल्या तेव्हा नाही म्हणावं लागलं, याचा अर्थ गिऱ्हाईक कमी नव्हतं, माणूस कमी होता. मग आधी माणूस ठेवा. सीझनचे तीन महिने एक पोरगी ऑर्डर आणि पॅकिंगला ठेवलीत तर त्या ४८ हजारातलाच बराचसा पगार निघेल आणि नाही म्हटलेली गिऱ्हाइकं आधी पदरात पडतील. व्हिडिओ पुढच्या वर्षी करा.

आणि केलातच तर ते जाहिरातीचे २५ हजार एप्रिलसाठी राखून ठेवू नका. फेब्रुवारीच्या शेवटी मोहोराच्या क्लिपवर लावायला सुरुवात करा, मुंबई-पुण्याची माणसं पहिल्या पेटीचं तेव्हाच विचारतात, तोडीच्या क्लिप येईपर्यंत अर्ध्या लोकांनी दुसरीकडे पैसे भरलेले असतात.

दापोलीकर_काकू

माणूस पण ठेवा आणि व्हिडिओ पण करा, गिऱ्हाईक एक वर्ष थांबत नाही. पण ते फेब्रुवारीचं बरोबर बोलला, आमच्याकडे मे महिन्याच्या खोल्यांची विचारणा पण तेव्हाच सुरू होते.