मायामी, नोटर डेम आणि दहावा क्रमांक

प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या 2025 च्या हंगामातील प्लेऑफसाठी, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीसाठी, 7 डिसेंबरला बारा संघ जाहीर झाले, त्यासाठीच्या क्रमवारीत मायामी दहाव्या क्रमांकावर आला आणि अकराव्या क्रमांकावरील नोटर डेमला बाहेर राहावे लागले, कारण बारांतील पाच जागा कॉन्फरन्सच्या (संघांच्या साखळी गटांच्या) विजेत्यांसाठी होत्या आणि त्यांतील दोन विजेते क्रमवारीत बरेच खाली होते. दोघांच्याही खात्यात दहा विजय आणि दोन पराभव होते, आणि 31 ऑगस्टला मायामीने आपल्या मैदानावर नोटर डेमला 27–24 असे हरवले होते. त्यामुळे मायामीच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ते असे, की 4 नोव्हेंबरच्या पहिल्या क्रमवारीत निवड समितीने नोटर डेमला दहावे आणि मायामीला अठरावे स्थान दिले, 2 डिसेंबरपर्यंत दर मंगळवारी नोटर डेमच वर राहिला, आणि शेवटच्या शनिवारी या दोघांपैकी कोणीही मैदानात उतरले नसताना त्यांचा क्रम उलटला. ऑगस्टमधला निकाल नोव्हेंबरभर निर्णायक नव्हता, तर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो निर्णायक कसा ठरला? समितीच्या कामकाजाची माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

पहिला प्रतिसाद

सर्वोच्च विभागात 136 संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला बाराच सामने येतात, त्यामुळे आयपीएलच्या गुणतक्त्यासारखा सरळ हिशेब येथे होऊ शकत नाही आणि तेरा सदस्यांच्या समितीला मतदानानेच क्रम लावावा लागतो. ही समिती सर्व संघांची एकाच वेळी तुलना करत नाही. ती थोड्याथोड्या संघांचा गट करून त्यांच्यात क्रम लावते, आणि गटातले संघ तुल्यबळ वाटले तरच आमनेसामने झालेला सामना, वेळापत्रक किती अवघड होते, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय घडले, या निकषांकडे वळते.

2 डिसेंबरला नोटर डेम दहावा, बीवाययू अकरावा आणि मायामी बारावा होता. 6 डिसेंबरला बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेकने बीवाययूला 34–7 असे हरवले, बीवाययू खाली घसरला, आणि नोटर डेम व मायामी एकमेकांना लागून आले. समितीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे दिलेले स्पष्टीकरण हेच होते: दोन्ही संघ शेजारी आल्यावर त्यांच्यातील सामन्याचा थेट विचार झाला. आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढे पुरेसे आहे. पद्धत म्हणून ते मला मुळीच मान्य नाही, कारण दोन संघांमध्ये झालेल्या सामन्याचे मोल तिसरा संघ त्यांच्या मधे उभा आहे की नाही यावर अवलंबून राहता कामा नये.

दुसरा प्रतिसाद

मी नोटर डेमचा समर्थक आहे, हे आधीच सांगतो. मायामीविरुद्धचा तो सामना आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) सीजे कार याचा कॉलेज कारकिर्दीतील सुरुवातीपासून खेळलेला पहिलाच सामना होता. टेक्सास ए अँड एमविरुद्धचा दुसरा पराभव 41–40 असा एका गुणाने झाला, आणि त्यानंतर संघाने सलग दहा सामने जिंकले. मायामी मात्र लुईव्हिल आणि एसएमयू यांच्याकडून हरला, तेही ऑक्टोबरच्या मध्यानंतर. हंगामाअखेरचा संघ पाहायचा असेल, तर नोटर डेमची बाजू भक्कम आहे.

तरीही मायामीकडे तो विजय होता आणि तो मी नाकारत नाही. माझा खरा आक्षेप अलाबामाच्या बाबतीत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस नोटर डेमने स्टॅनफर्डला 49–20 असे हरवले आणि अलाबामाने ऑबर्नविरुद्ध 27–20 असा जेमतेम विजय मिळवला. मंगळवारी क्रमवारी आली तेव्हा अलाबामा दहाव्यावरून नवव्या स्थानी चढला होता आणि नोटर डेम नवव्यावरून दहाव्या स्थानी उतरला होता. पुढच्या शनिवारी एसईसी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाला 28–7 असे हरवले, हा त्यांचा तिसरा पराभव होता, आणि तरीही ते नवव्या स्थानावरून हलले नाहीत. त्याच दिवशी तशाच सामन्यात हरलेला बीवाययू मात्र खाली ढकलला गेला. कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या संघाला तेथील पराभवाची शिक्षा होऊ नये, हे तत्त्व मला पटते, परंतु ते अलाबामाला लागू होते तर बीवाययूलाही लागू व्हायला हवे होते.

तिसरा प्रतिसाद

वरील दोन्ही मते वाचली. आपण सर्वजण 2023 विसरलो आहोत असे वाटते. त्या वर्षी चारच जागा होत्या आणि फ्लोरिडा स्टेट तेरापैकी तेरा सामने जिंकून, एसीसी कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवूनही पाचव्या क्रमांकावर राहिला. त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पायाच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला होता, आणि महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणे हा समितीच्या नियमांत विचारात घेण्याजोगा मुद्दा होता. लुईव्हिलविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला घेऊन, बचावाच्या जोरावर हा संघ 16–6 असा जिंकला. पुढे ऑरेंज बोलमध्ये (प्लेऑफबाहेर राहिलेल्या संघांच्या हंगामोत्तर बोल सामन्यांपैकी एकात) जॉर्जियाने त्यांना 63–3 असे चिरडले, तेव्हा समितीचेच बरोबर होते असे अनेकांनी म्हटले. हा युक्तिवाद मला अन्यायाचा वाटतो, कारण प्लेऑफ हुकल्यावर फ्लोरिडा स्टेटच्या कितीतरी प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यात खेळणेच टाळले होते.

म्हणून हंगामाच्या अखेरीस कोण अधिक बलवान दिसतो, हा निकष मला नको आहे. तो लावायचा ठरवला की जिंकलेले सामने मागे पडतात आणि तेरा जणांचे अंदाज पुढे येतात. मायामीला दहावे स्थान मिळाले ते मैदानावरील निकालाने, आणि ते त्यांना पहिल्या मंगळवारपासूनच नोटर डेमच्या वर मिळायला हवे होते. पुढे त्यांनी टेक्सास ए अँड एमला 10–3 आणि गतविजेत्या ओहायो स्टेटला 24–14 असे हरवून अंतिम फेरी गाठली, तेथे इंडियानाकडून ते 27–21 असे हरले. हे निकाल मी पुरावा म्हणून देत नाही. प्लेऑफमध्ये मायामी पहिल्याच फेरीत हरला असता, तरी त्याची निवड योग्यच ठरली असती.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. शेजारी येण्याची अट समजली, आणि ती समजल्यावर साप्ताहिक क्रमवारीवरचा माझा विश्वास आणखी कमी झाला. कॉन्फरन्सचे अंतिम सामने होईपर्यंत समितीने काहीच जाहीर केले नसते, तर नोटर डेमच्या खेळाडूंना महिनाभर आपण आत आहोत असे मानून चालावे लागले नसते. जागा हुकल्यावर त्यांनी बोल सामन्याचे निमंत्रणही नाकारले, यावरून तो धक्का किती मोठा होता हे कळते.

पहिल्या प्रतिसादकाची पुरवणी

एक मुद्दा राहिला. 2026 च्या हंगामापासून पहिल्या बारांत असलेल्या नोटर डेमला प्लेऑफमध्ये जागा देण्याची तरतूद झाली आहे. ती 2025 लाच असती, तर अकराव्या क्रमांकावरचा नोटर डेम आत आला असता. टुलेन विसाव्या आणि जेम्स मॅडिसन चोविसाव्या क्रमांकावर असले, तरी कॉन्फरन्स विजेत्यांसाठीच्या पाच जागांमुळे त्यांचा प्रवेश पक्का होता. मग जागा सोडावी लागली असती ती दहाव्या क्रमांकावरच्या मायामीला, म्हणजे नोटर डेमला हरवलेल्याच संघाला.