कुंद, मळभ, सावट : खुनाच्या कादंबरीतली हवा

रातवा
आमच्या वाचनालयाच्या यादीची नव्याने वर्गवारी करते आहे. एका कपाटाला नाव सापडत नाही. त्यातली पुस्तकं साधारण अशी : पाऊस किंवा धुकं, एखादं जुनं घर, घरात वर्षानुवर्षं न बोललेलं काहीतरी. खून होतो, पण बोटांचे ठसे आणि रेल्वेची वेळापत्रकं यांना फारसं महत्त्व नसतं. तपास चालतो तो माणसाच्या मनाचा. इंग्रजीत याला ‘अ‍ॅटमॉस्फेरिक सायकॉलॉजिकल क्राइम’ म्हणतात. ‘मानसशास्त्रीय गुन्हेगारी कादंबरी’ असं लिहून पाहिलं, तर क्रमिक पुस्तकाचं नाव वाटतं. ‘वातावरणीय’ तर हवामान खात्याचा शब्द. नुसतं ‘रहस्यकथा’ लिहावं का?

घाटमाथा
‘मानसशास्त्रीय’ नकोच. चाचणी मानसशास्त्रीय असते, प्रयोग मानसशास्त्रीय असतो. त्या शास्त्राशी ज्याचा संबंध आहे ते. या कादंबऱ्यांचा संबंध मनाशी आहे, शास्त्राशी नाही. ‘मानसिक’ म्हटलं की हल्ली लगेच आजार डोळ्यांपुढे येतो. ‘मनोवैज्ञानिक’ हिंदीतून आलेला. ‘मनोविश्लेषणात्मक’ समीक्षेत रुळलाय, पण तो थेट फ्रॉइडच्या दारात नेऊन सोडतो.

‘गुन्हेगारी’वर माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. ‘शहरात गुन्हेगारी वाढली’, ‘गुन्हेगारी टोळी’ असे प्रयोग आपण करतो, म्हणजे त्यात धंदा आणि सातत्य आलं. एका घरात एका बाईने आयुष्यात एकदाच कुणाला मारलं, तर तो गुन्हा झाला. ती गुन्हेगारी नव्हे. आणि या कादंबऱ्यांमधली बहुतेक माणसं अशी एकदाच घसरणारी असतात.

तळटीप
‘रहस्यकथा’ या शब्दाला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी कित्येक पिढ्यांना वाचायची सवय लावली. त्या कथांमुळे ‘रहस्य’ म्हणजे शेवटच्या पानावर उघडणारी गाठ, हा अर्थ पक्का झाला. पुढे रत्नाकर मतकरींमुळे ‘गूढकथा’ आणि नारायण धारपांमुळे ‘भयकथा’ या शब्दांना आपापले वाचक मिळाले. रातवाताई, तुमचं कपाट या तिन्हींच्या मधल्या जागेत आहे. गूढकथेत बुद्धीला न पटणारं काहीतरी उरतं, भयकथेत अमानवी शक्ती येऊ शकते. तुमच्या पुस्तकांत सगळं मानवी आहे, आणि भीती त्याचीच वाटते.

एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या रूथ रेंडेल यांची ‘अ जजमेंट इन स्टोन’ ही 1977 सालची कादंबरी. मारणारी कोण, मेले कोण आणि कारण काय, हे सगळं लेखिका पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. घरकामाला ठेवलेली बाई, तिला लिहितावाचता येत नाही, आणि ते लपवण्याच्या धडपडीतून एक अख्खं सुशिक्षित कुटुंब मारलं जातं. म्हणजे रूढ अर्थाने रहस्य पहिल्याच ओळीत संपलं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मालकीणबाई प्रेमाने एक चिठ्ठी लिहून ठेवतात, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घर पुस्तकांनी भरलेलं आहे, आणि प्रत्येक पुस्तक त्या बाईला टोचतं आहे. चांगली माणसं चांगुलपणाने वागत वागत मरणाच्या जवळ जात राहतात आणि आपण त्यांना थांबवू शकत नाही. याला ‘रहस्यकथा’ म्हणणं मला तरी जमत नाही.

पारवा
तळटीप, मुद्दा कळला, पण शब्द टाकून देऊ नका. ‘रहस्य’ हा शब्द ‘रहस्’वरून आला आणि ‘रहस्’ म्हणजे एकांत. एकांतात असतं, चारचौघांत सांगितलं जात नाही, ते रहस्य. ‘गूढ’ हा ‘गुह्’ धातूपासून, म्हणजे झाकलेलं. ‘गुहा’ त्याच कुळातली. गूढ हे कुणीतरी झाकलेलं असतं, रहस्य हे कुणीतरी एकट्याने बाळगलेलं असतं. तुम्ही सांगितलेल्या कादंबरीत त्या बाईचं निरक्षर असणं नेमकं असंच आहे. वाचकाला ते माहीत झालं, म्हणून तिच्या एकांतातून ते सुटलं असं होत नाही. मूळ अर्थाने पाहिलं तर ती अस्सल रहस्यकथा आहे.

घाटमाथा
व्युत्पत्ती सुंदर आहे, पारवा. पण कपाटापुढे उभा राहणारा वाचक ‘रहस्’पर्यंत जाणार नाही. तो काळा पहाड शोधेल.

कालवा
चर्चा ‘सायकॉलॉजिकल’वर थांबली आहे, मला ‘अ‍ॅटमॉस्फेरिक’बद्दल बोलायचंय. या पुस्तकांची ओढ खरी तिथे आहे असं मला वाटतं.

जॉर्ज सिमेनॉन घ्या. जन्म 1903, बेल्जियममधल्या लिएजचा. त्याच्या मेग्रे या पोलीस अधिकाऱ्यावर 75 कादंबऱ्या आहेत. 1931 सालच्या एका सुरुवातीच्या कादंबरीत मेग्रे फ्रान्समधल्या डिझी गावच्या कालव्यावर जातो. पाऊस थांबत नाही, मालवाहू नावा कालव्याची दारं उघडायची वाट पाहत उभ्या आहेत, तबेल्यात एका बाईचं प्रेत सापडलंय. मेग्रे तिथे काय करतो? खानावळीत बसतो, नाववाल्यांबरोबर पितो, भिजतो, ऐकतो. कुणी विचारलं की तुमचा काय अंदाज, तर म्हणतो, काहीच नाही. त्या जागेची हवा अंगात मुरेपर्यंत तो थांबतो. ती मुरली की माणूस कळतो, आणि माणूस कळला की गुन्हा कळतो. इथे पाऊस सजावटीचा नाही, तपास त्याच्यातूनच पुढे सरकतो.

अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावर आपल्याकडे ‘गूढरम्य वातावरणनिर्मिती’ छापतात. मला तो शब्दप्रयोग सहन होत नाही. ‘निर्मिती’ म्हटलं की मागे पंखा लावून कुणीतरी धूर सोडतोय असं वाटतं, आणि ‘रम्य’ तर त्यात काहीच नसतं. कोलेत या लेखिकेने तरुण सिमेनॉनला सांगितलं होतं की तुझ्या गोष्टींतलं ‘साहित्य’ काढून टाक. त्याने ते आयुष्यभर पाळलं. टेबल, पाऊस, शेगडी असे हाताला लागणारे शब्द ठेवले.

मराठीत हाताला लागणारा शब्द आहे : कुंद. ‘हवा कुंद होती.’ पाऊस पडत नाही, वारा हलत नाही, अंग चिकचिकतं, घरात जीव रमत नाही आणि बाहेरही जाववत नाही. (फुलाचा कुंद वेगळा.) त्या एका शब्दात हवामान आणि मन दोन्ही येतात. ‘वातावरणा’त दोन्ही कधीच येत नाहीत, म्हणून आपल्याला त्याच्यापुढे ‘भीतीचं’, ‘उदास’, ‘तणावपूर्ण’ अशी विशेषणं लावावी लागतात.

रातवा
कालवा, ‘कुंद’ वाचल्याबरोबर पटला. मग ‘मळभ’ आणि ‘सावट’ यांचं काय? बातम्यांत तर ‘सावट’ रोज असतं. दुष्काळाचं सावट, सामन्यावर पावसाचं सावट.

कालवा
तिन्ही वेगळे आहेत, आणि त्या फरकावरून तुमची पुस्तकंसुद्धा वेगळी काढता येतील.

‘सावट’ला षष्ठी लागते. ते कशाचं तरी, कुणाचं तरी असतं. डाफ्ने द्यू मोरिए यांची 1938 सालची ‘रिबेका’ ही सावटाची कादंबरी. जिच्या नावाची कादंबरी ती कथा सुरू होण्याआधीच मेलेली आहे, आणि जी गोष्ट सांगते त्या दुसऱ्या बायकोचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. मेलेलीचं सावट इतकं मोठं की जिवंत बाईला नावसुद्धा उरलं नाही.

‘कुंद’ला षष्ठी नाही. कशामुळे कुंद, ते सांगता येत नाही. सिमेनॉन तसा.

‘मळभ’ येतं आणि जातं. ‘मळभ दूर झालं’ हा आपला नेहमीचा प्रयोग. ज्या गोष्टीत खुनी पकडला की गाव पुन्हा पहिल्यासारखं होतं, तिथे मळभ म्हणावं. जुन्या इंग्रजी कोडेवजा कादंबऱ्या बहुतेक मळभाच्या. तुमच्या कपाटातल्या पुस्तकांत मात्र अटक झाल्यावरही काही स्वच्छ होत नाही. उलट अटक झालेल्या माणसाबद्दल वाईट वाटायला लागतं. पॅट्रिशिया हायस्मिथच्या 1955 सालच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ या कादंबरीत तर खुनी पकडला जाऊ नये म्हणून आपणच श्वास रोखून बसतो. हे आपल्या हातून कसं झालं, असं मग स्वतःलाच विचारावं लागतं. मी ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो ती यासाठी.

तळटीप
त्या टोचणीला मराठीत ‘सल’ आहे. ‘अपराधगंड’ नको.

पारवा
अनुवाद करणाऱ्यांसाठी एक जोड. ‘मारेकरी’ आणि ‘खुनी’ यांची अदलाबदल करू नये. मारेकऱ्यात ठरवून, बहुधा दुसऱ्यासाठी मारायला आलेला माणूस दिसतो. रेंडेलच्या घरकामवाल्या बाईला तो शब्द लावला की कादंबरी मोडते. आणि मेलेल्या माणसासाठी पंचनाम्यातला ‘मयत’ फक्त पोलिसांच्या तोंडी ठेवावा. मेग्रेच्या तोंडी तोही नको. तो मेलेल्या माणसाचं घर, त्याचे कपडे, त्याची रोजची खुर्ची बघत फिरतो. त्याच्या लेखी तो माणूस अजून ‘मयत इसम’ झालेला नसतो.

रातवा
कपाटावर सध्या ‘मनाच्या रहस्यकथा’ अशी चिठ्ठी लावते. पारवांचा ‘रहस्’ही राहिला आणि घाटमाथांच्या वाचकाला काळा पहाड इथे नाही हेही कळेल. यादीतल्या वर्णनात मात्र ‘कुंद’ आणि ‘सावट’ वेगवेगळे लिहिणार आहे. सिमेनॉनचे मराठी अनुवाद कुणाकडे असतील तर नावं कळवा, मागवून घेते.