हेलिकॉप्टरचा जुना गेम, खाली खेळण्यातले सैनिक, हूकनं रणगाडा उचलायचा. नाव सांगा कुणीतरी

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. लै दिवसांपासून एक गेम शोधायलोय, सापडतच नाही. 2003-04 च्या आसपासची गोष्ट, परभणीत आमच्या घराजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तासावर पैसे, तिथं प्लेस्टेशनवर मी अन् माझा चुलत भाऊ हा खेळायचो. हेलिकॉप्टर मागून थोडं वरून दिसायचं अन् खाली सगळे सैनिक खेळण्यातले, म्हणजे उरुसात पिशवीत भरून मिळायचे ना तसले, पायाखाली प्लास्टिकची चकती असलेले. हेलिकॉप्टरला खाली दोर अन् हूक, त्यानं जीप उचला, रणगाडा उचला, दुसरीकडं नेऊन ठेवा. स्क्रीन मधोमध कापून दोघं एकदमच खेळायचो. मुंग्या पण यायच्या, सैनिकापेक्षा मोठ्या.

आता अडचण अशी की मला हा गेम ब्लॅक अँड व्हाईट आठवायलाय. टीव्ही कलर होता, दुकानातले बाकीचे गेम कलरमधी चालायचे, हाच तेवढा करडा. त्यामुळं नेटवर ब्लॅक अँड व्हाईट हेलिकॉप्टर गेम म्हणून शोधलं की भलतंच काहीतरी येतंय. भाऊ दिवाळीला गावाकडं येतोय, त्याच्यासोबत परत खेळायचाय. कुणाला नाव माहीत असलं तर सांगा.

गंजगोलाई:
डेझर्ट स्ट्राईक बघा. 1992 चा, सेगा कंपनीच्या गेम मशीनवर होता, अपाची हेलिकॉप्टर, त्यात पण दोर सोडून इंधनाचे ड्रम अन् अडकलेली माणसं उचलायची. फक्त त्यात सैनिक खेळण्यातले नव्हते, सगळं वाळवंटातलं युद्ध होतं.

दख्खनी_पायलट:
डेझर्ट स्ट्राईक नाही हा. तो एकट्यानं खेळायचा, स्क्रीन कापून दोघं वगैरे त्यात नव्हतंच.

पूर्णाकाठ भाऊ, तुमचा गेम आर्मी मेन एअर अटॅक. 1999, प्लेस्टेशन 1, थ्रीडीओ कंपनी. मुंग्या म्हणलात तिथंच ओळखला मी! हिरवे प्लास्टिकचे सैनिक आपले, मातकट रंगाचे म्हणजे टॅन ते दुश्मन. आपण कॅप्टन विल्यम ब्लेड. ह्यूई, चिनूक, सुपर स्टॅलियन अन् अपाची अशी चार हेलिकॉप्टरं, सोबत कोपायलट निवडायचा, बॉम्बशेल, हार्डकोर, रॉहाईड, वुडस्टॉक. आम्ही नांदेडला खेळायचो, चिनूकसाठी भांडणं व्हायची कारण त्याला वर दोन पंखे. पुढं 2019 मध्ये आपल्या हवाई दलात खरे चिनूक आले, त्याच वर्षी अपाची पण आले पठाणकोटला, तेव्हा टीव्हीवर बघून मी घरातल्यांना सांगत होतो की हे आम्ही शाळेत असताना चालवलेत.

या गेमची खरी मजा हूकमधी होती असं मी आजपण म्हणतो. गोळ्या झाडायचे गेम ढिगानं होते त्या काळात. पण यात एक जण वरून गोळीबार करून जागा मोकळी करणार अन् दुसरा तेवढ्या वेळात आपला रणगाडा उचलून पुढच्या नाक्यावर नेऊन ठेवणार, हे दोघांनी बोलून ठरवल्याशिवाय जमायचंच नाही. म्हणून त्या दुकानात इतका आरडाओरडा असायचा. डेझर्ट स्ट्राईकमधला दोर चांगलाच होता, पण ही जोडीची गोष्ट त्यात नव्हती.

अन् एक योगायोग सांगतो, डेझर्ट स्ट्राईक काढणारी ईए कंपनी 1982 ला ज्यानं उभी केली तो ट्रिप हॉकिन्स, त्यानंच 1991 ला थ्रीडीओ काढली. आधी स्वतःचं गेमचं मशीन आणलं 1993 ला, 700 डॉलरचं, ते एवढं महाग कोण घेणार, मग नुसते गेम काढायला लागले. आर्मी मेन नावानं तर इतके काढले की शेवटी शेवटी लोक कंटाळले, अन् 2003 मध्ये कंपनीच बुडाली. त्यातले काही खरंच घाईत केलेले होते. एअर अटॅक मात्र नाही, तो मनापासून बनवलाय.

पण ब्लॅक अँड व्हाईटचं काही कळंना, गेम तर पूर्ण रंगीत आहे.

जालन्याचा_टीव्हीवाला:
त्याचं मी सांगतो, वडलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, अशी तक्रार घेऊन गेमवाले सारखे यायचे.

आपल्याकडची टीव्ही पाल पद्धतीची, अमेरिकेतली एनटीएससी. सिग्नलमधी उजेडाची माहिती वेगळी अन् रंगाची वेगळी जाते. रंगाची पालमधी 4.43 मेगाहर्ट्झवर, एनटीएससीमधी 3.58 वर. आता दुकानातल्या प्लेस्टेशनला चिप बसवलेली असायची, त्यामुळं कुठल्यापण देशाची कॉपी केलेली सीडी चालायची. युरोपची पाल सीडी टाकली की रंग व्यवस्थित. अमेरिकेची टाकली की मशीन एनटीएससी सिग्नल सोडणार, जुन्या टीव्हीला उजेड कळायचा पण रंग पकडता यायचा नाही, म्हणून सगळं करडं. टीव्ही बिघडलेला नसायचा अन् सीडीपण चांगलीच असायची, दोघांचं जमायचं नाही एवढंच. नंतरच्या टीव्हींना दोन्ही पद्धती आल्या अन् ही तक्रार बंद पडली.

म्हणजे तुमच्या दुकानदाराकडं या एकाच गेमची अमेरिकन कॉपी होती, बाकीच्या पाल असणार.

उदगीरची_ताई:
अहो पण थांबा, हिरवे आपले अन् मातकट दुश्मन, सगळा गेम रंगावर उभा आहे, अन् तुम्ही दोघं तो करड्यात खेळलात? मग आपला कोण अन् शत्रू कोण हे कळायचं कसं?

आमच्याकडं मामाच्या घरी रंगीत चालायचा अन् तरी मी कित्येकदा आपल्याच जीपवर गोळ्या घालायची. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, आमच्याकडं तेव्हा रोजचं लोडशेडिंग. अन् मशीन उलटं करून ठेवायचं सीडी वाचावी म्हणून, हे कुणी केलंय का? आतली लेन्स घासून खाली बसली की उलटं केल्यावर बरोबर वाचायचं.

दुसरा भाग पण आहे बरं का, एअर अटॅक 2, 2000 सालचा, तो नंतर प्लेस्टेशन 2 वर पण आला. बॅरन फॉन बेज नावाचा टॅन वैमानिक त्यात. मला पहिल्यापेक्षा तोच आवडतो.

पूर्णाकाठ:
पायलट भाऊ हाच! आत्ता व्हिडिओ लावून बघायलोय. हिरवा रंग बघून अंगावर काटा आला, इतकी वर्षं हे सैनिक माझ्या डोक्यात करडेच होते. टीव्हीवाले दादा, तुमचे उपकार, हे कोडं मला कुणीच सोडवून दिलं नसतं.

ताई, सांगतो कसं कळायचं. आम्ही जवळ जाऊन नुसतं घिरट्या घालायचो, ज्यानं गोळी झाडली तो दुश्मन. अन् टॅनवाले हिरव्यांपेक्षा थोडे फिकट दिसायचे, भाऊ तेवढ्यावरून ओळखायचा अन् ओरडायचा, फिकट आला फिकट आला. आम्ही त्यांना फिकटेच म्हणायचो. त्याला आत्ता व्हिडिओची लिंक पाठवली, त्याचा पहिला मेसेज हाच आला, फिकटे कुठंयत.

आता लॅपटॉपवर दोघांना खेळता येईल का?

दख्खनी_पायलट:
येईल की. डकस्टेशन नावाचं एम्युलेटर घ्या, म्हणजे जुन्या प्लेस्टेशनची नक्कल करणारा प्रोग्राम, लॅपटॉपवर चालतं, अँड्रॉईडवर पण. बायोस (मशीन चालू करणारा आतला प्रोग्राम) अन् सीडी जुन्या मशीनची स्वतःची मिळाली तर उत्तम, जुन्या बाजारात प्लेस्टेशन 1 अजून निघतात. सेटिंगमधी रिझोल्यूशन वाढवा अन् पीजीएक्सपी चालू करा, म्हणजे त्या काळच्या गेममधी भिंती अन् जमीन थरथरायची ते कमी होतं. यूएसबीचे दोन गेमपॅड लावून कंट्रोलर 1 अन् 2 वेगवेगळे सेट करा, एकाच कीबोर्डवर दोघं बसू नका, बोटं अडकतात.

अन् सीडी शोधताना अमेरिकेचीच शोधा, ती सेकंदाला 60 चित्रांच्या हिशोबानं चालते, पालवाली 50 च्या, हेलिकॉप्टर वळवताना फरक जाणवतो. एम्युलेटरवर रंगाची भानगड नाही, दोन्हीत हिरवे हिरवेच दिसतील.