जोकर नव्हे, मॅग्नेटो! नायक-खलनायकाची खरी जोडी कोणाला म्हणायचं?

गणितवाला, गंगापूर रोड

शनिवारी संध्याकाळी पावसानं माझी दहावीची बॅच अडकली. वीज गेलेली, फळ्यावर काही दिसेना. एका पोरानं विचारलं, "सर, कॉमिक्समधली सगळ्यात भारी जोडी कोणती? हिरो आणि व्हिलनची?" बाकीच्यांनी एका सुरात 'बॅटमन-जोकर' सांगून टाकलं. मी नाही म्हणालो आणि पाऊस उघडेपर्यंत आमचं जुंपलं. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून नीट मांडतो.

एक काळा, एक पांढरा, एक हसरा, एक गंभीर, एवढ्यानं जोडी होत नाही. दोघांना एकच गणित घातलेलं असावं आणि दोघांची उत्तरं वेगळी यावीत. मग वाचणाऱ्याला आपली वही काढून बघावीशी वाटते.

चार्ल्स झेवियर आणि मॅग्नेटो घ्या. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली एक्स-मेन या, जन्मतः वेगळ्या शक्ती असलेल्या माणसांच्या मालिकेच्या पहिल्याच अंकात दोघांना आणलं. तेव्हाचा मॅग्नेटो अगदी सपक होता. लोखंड उडवायचं आणि जग जिंकायची भाषा करायची, बस्स. तब्बल अठरा वर्षांनी, १९८१ साली, क्रिस क्लेअरमाँट यांनी दीडशेव्या अंकात त्याला भूतकाळ दिला: ऑश्वित्झमधून वाचलेला मुलगा. त्याच अंकात त्याच्या हल्ल्यात किटी प्राइड ही कोवळी ज्यू मुलगी निपचित पडते. ती मेलीच असं त्याला वाटतं. आपल्यावर जे झालं तेच आपण करून बसलो, हे त्याला तिथे उमगतं आणि लढाई तो आपणहून सोडतो. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट आली. हे दोघं तरुणपणी हैफाला भेटलेले, छळछावण्यांतून वाचलेल्यांची सेवा करणारे मित्र. वेगळ्या माणसांना जग जगू देईल का, यावर ते वाद घालायचे. झेवियर म्हणायचा, देईल. मॅग्नेटो म्हणायचा, मी जग पाहिलंय. सांगा, यात चूक कोणाला म्हणाल?

दुसरी जोडी, फँटॅस्टिक फोरचा रीड रिचर्ड्स आणि डॉक्टर डूम. ही मला फार जवळची. दोघं कॉलेजात बरोबर शिकत होते. डूमच्या आकडेमोडीतली चूक रीडच्या नजरेला पडली, त्यानं ती सांगितली. डूमनं ऐकलं नाही, यंत्र फुटलं, चेहरा भाजला, आणि पुढचं सगळं आयुष्य तो रीडला दोष देत राहिला. वीस वर्षं शिकवतोय मी. चुकलेली पायरी हातानं झाकणारी हुशार पोरं दरवर्षी दिसतात. डूम वाचला की मला ती आठवतात आणि पोटात कालवतं.

आता जोकर. त्याला कुठलं गणित घातलंय? १९४० साली 'बॅटमन'च्या पहिल्या अंकात तो आला आणि त्याच अंकात मरणार होता. तो जिवंत आहे असं दाखवणारी एक चौकट संपादकानं शेवटी घालायला लावली म्हणून वाचला. त्याला स्वतःचा प्रश्नच नाही. त्याच्याशी वाद घालता येत नाही, फक्त त्याला पकडता येतं.

रात्रपाळी_सातपूर

सर, तुमचीच माहिती तुमच्याविरुद्ध जाते. जोकरला जिवंत ठेवायला लावणारे संपादक व्हिटनी एल्सवर्थ. त्याच पहिल्या अंकात बॅटमन विमानातून बंदूक चालवतो. ते त्यांना रुचलं नाही आणि यापुढे बॅटमन बंदूक वापरणार नाही, जीव घेणार नाही, असं ठरलं. म्हणजे नियम आणि त्या नियमाची परीक्षा एकाच माणसाच्या टेबलावरून निघाली. यापेक्षा घट्ट गाठ कुठल्या जोडीची आहे?

आणि जोकरला भूतकाळ नाही हीच त्याची ताकद आहे. बॅटमनचं, म्हणजे ब्रूस वेनचं, सगळं आयुष्य एका रात्रीनं घडवलं. गल्लीत आईबापांना गोळ्या लागल्या, त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्या रात्रीचा हिशोब. जोकरची मात्र अशी एक रात्र नक्की नाही. १९५१ साली सांगितलं की तो रसायनाच्या हौदात पडला. १९८८ साली तीच गोष्ट वेगळी करून आली, आणि त्यातच तो म्हणतो की मला ते कधी असं आठवतं, कधी तसं. एकाला विसरता येत नाही, दुसऱ्याला धड आठवत नाही. हे तुमच्या 'एकच गणित, दोन उत्तरं' मध्ये बसत नसेल तर तुमची व्याख्या तोकडी आहे.

मी बारा वर्षं रात्रपाळी करतोय. दिवसा साहेब फिरतात तेव्हा हेल्मेट सगळेच घालतात. पहाटे तीनला, कारखान्यात कोणी बघणारं नसताना, मशीन बंद करूनच हात घालणारा माणूस मला माहीत आहे. बॅटमन मला तो वाटतो. जोकर त्याला रोज पहाटे तीनला गाठतो आणि म्हणतो, आज कोण बघतंय?

इंद्रजालचा वाचक

तुम्हा दोघांनाही माझा विरोध आहे. जोडी हवीच कशाला?

भद्रकालीतल्या आमच्या वाड्यात माळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक होती, आत इंद्रजाल कॉमिक्सचे अंक. ती मालिका १९६४ साली सुरू झाली. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, त्याहून जुना, ली फॉक यांनी १९३६ साली आणलेला. त्याची गोष्ट सुरू होते १५३६ मध्ये. चाचे जहाज लुटतात, बाप डोळ्यांदेखत मरतो, किनाऱ्याला लागलेला मुलगा बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. कोणाविरुद्ध? नीट वाचा, त्या शपथेत एकाही माणसाचं नाव नाही. चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय. म्हणून ती शपथ एकवीस पिढ्या टिकली. मारेकरी तर आधीच मेलेला होता!

वेताळला कुणी 'त्याचा जोकर' नाही आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही. उलट बॅटमनचं मला वाईट वाटतं. शहरात भूक आहे, घरं पडतात, पोलीस पैसे खातात, आणि हा माणूस वर्षानुवर्षं एकाच वेड्याच्या मागे. खलनायक मोठा करत नेला की नायक त्याचा पहारेकरी होऊन बसतो. माझ्या नातवाला जोकरच्या चित्राचा टीशर्ट हवा असतो, बॅटमनचा नको. मला ते खुपतं, आणि मी ते उघड सांगतो.

देवळाली कॅम्प

काका, मग नागराज? आम्ही नाशिकरोड स्टेशनवर राज कॉमिक्स घ्यायचो, हिंदीतून. १९८६ चा नागराज मुळात शस्त्र म्हणून बनवलेला. प्रोफेसर नागमणीनं त्याला दहशतीसाठी तयार केलं आणि तो बनवणाऱ्यावरच उलटला. त्याचा पहिला शत्रू म्हणजे त्याला घडवणारा हात. वेताळ स्वतः शपथ घेतो, नागराजला आधी दुसऱ्यानं दिलेलं काम झुगारावं लागतं. इथे शत्रू काढून टाकलात तर नायकच उरत नाही.

पंचवटीकर

मी सरांच्या बाजूनं, पण वेगळ्या वाटेनं.

आपल्याकडे पूर आला की आकडा कोणी विचारत नाही, पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. लहानपणी मला त्याची भीती वाटायची ती पाण्यामुळे नव्हे, दोन तोंडांमुळे. मोठेपणी हार्वी डेंट वाचला, टू-फेस, १९४२ चा. सरकारी वकील, बॅटमनच्या बाजूचा माणूस. खटला चालू असताना तोंडावर तेजाब येतं, अर्धा चेहरा जातो, आणि त्यानंतर तो प्रत्येक निर्णय नाण्यावर सोडतो. मला जोकरपेक्षा हा जास्त लागतो. ब्रूसही दोन तोंडांचाच आहे, दिवसाचं एक आणि रात्रीचं एक. फरक इतकाच की कोणतं तोंड कधी पुढे करायचं ते ब्रूस स्वतः ठरवतो.

आमच्या आजीनं रामायण सांगताना एक गोष्ट मनात पक्की केली होती. शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, पंचवटीत, त्यावरून नाशिक, हे सगळे सांगतात. आजी पुढचं विचारायची: रावणाच्या समोर कोण? आम्ही 'राम' म्हणायचो. ती म्हणायची, बिभीषण. त्याच आईचा, त्याच लंकेचा, तेच मीठ खाल्लेला. रामाला कोणती बाजू घ्यायची हा प्रश्नच नव्हता, बिभीषणाला होता. सरांचं 'एकच गणित' म्हणजे हेच ना?

काळा_कोट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, फौजदारी. इथे चाललेला सगळा वाद दोन खुर्च्यांचा आहे. कोर्टात तिसरी असते, जिच्यावर गुन्हा झाला तिची. तिच्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

रात्रपाळीवाले दादा १९८८ च्या त्याच गोष्टीचं सांगतात. तिचा गाभा आठवा. जोकरचा दावा असा की एक वाईट दिवस कुठल्याही शहाण्या माणसाला वेडा करायला पुरतो. ते सिद्ध करायला तो पोलीस कमिशनर गॉर्डनच्या दारात जातो आणि दार उघडणाऱ्या त्याच्या मुलीला, बार्बराला, गोळी घालतो. कंबरेखालचं शरीर लुळं पडतं. गोष्ट पुढे सरकते ती बाप, जोकर आणि बॅटमन यांची. बार्बरा इस्पितळात राहते. ती १९६७ पासून बॅटगर्ल होती, पेशानं ग्रंथपाल. सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर लहानपण काढलेल्या मला ती सगळ्यांत जवळची होती. त्या पानांवर ती फक्त पुरावा म्हणून वापरलेली पाहून मी पुस्तक मिटलं होतं.

पण ते तिथे संपलं नाही. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या पतीपत्नींना तिला असं सोडून देणं पटलं नाही. १९८९ साली ती परत आली, चाकाच्या खुर्चीत, 'ओरॅकल' या नावानं. माहिती शोधणारी, जोडणारी, पुढे बॅटमनसकट सगळ्यांना जिची गरज लागते अशी. वाईट दिवस तिच्याही वाट्याला आला, जोकरनंच आणला. ती वेडी झाली नाही, आणि वटवाघळाचा मुखवटा घालून रात्री माणसं बडवत फिरली असंही नाही. कामाला लागली. जोकरच्या दाव्याला पुरतं उत्तर बॅटमन नाही, बार्बरा आहे. माझ्या लेखी जोडी जोकर आणि बार्बरा यांची. २०११ साली तिला परत चालती करून बॅटगर्ल केलं तेव्हा म्हणूनच मला आनंद झाला नाही.

सरांची व्याख्या मला मान्य आहे, तिच्यात बसेल अशी आणखी एक जोडी देते. किंगपिन १९६७ साली आला तो स्पायडरमॅनच्या समोर. तिथे तो एक जाडा गुंड होता. १९८१ च्या सुमारास फ्रँक मिलर यांनी त्याला डेअरडेव्हिलसमोर आणलं आणि त्याला त्याची जागा सापडली, कारण डेअरडेव्हिल, म्हणजे मॅट मर्डॉक, दिवसा वकील आहे. पुढे किंगपिन त्याला संपवायला निघतो तो कागदांनी. खातं गोठवतो, सनद घालवतो, मग घर. ठोसे येतात ते त्यानंतर. कायद्याची कळ दोघांना ठाऊक आहे. ते वाचताना मला घाम फुटला होता, कारण कागदानं माणूस कसा मारतात हे मी रोज पाहते.

रात्रपाळी_सातपूर

ताई, बार्बराचं पटलं. 'ओरॅकल' मी वाचलीच नव्हती. पण तिच्या हातात जोकर सापडला असता तर तिनं काय केलं असतं, हा प्रश्न राहतोच. बॅटमनच्या हातात तो दर वेळी सापडतो आणि दर वेळी तो हात आवरतो. त्या आवरण्यासाठी मी वाचतो.

गणितवाला, गंगापूर रोड

वकीलताई, जोकर आणि बार्बरा ही जोडी मला सुचली नव्हती. सोमवारी बॅचला सांगणार आहे. माझी व्याख्या ती मोडत नाही, उलट मी चुकीच्या माणसाला समोर बसवलं होतं एवढंच दिसतं. बॅटमनसमोरचा जोकर मात्र अजूनही मला अपुराच वाटतो. दादा, तुमचा पहाटे तीनचा माणूस खरा आहे, पण त्याच्या मोठेपणाला जोकर लागत नाही, मशीन पुरतं.

इंद्रजालवाले काका, टीशर्टचं दुःख समजतं. तरी वेताळच्या शपथेतला 'अन्याय' मला धूसर वाटतो. अन्याय करणाराही स्वतःला न्यायी समजतो तेव्हा काय, याचं उत्तर तिथे मिळत नाही. मॅग्नेटोजवळ मिळतं. १९८५ साली, दोनशेव्या अंकात, तो पॅरिसला स्वतःहून खटल्याला उभा राहतो आणि शेवटी झेवियर आपली, वेगळ्या शक्तींच्या मुलांची शाळा त्याच्याच हाती सोपवतो. ज्याचं उत्तर चुकलं असं वाटत होतं, त्याच्याच हाती वही. मी मॅग्नेटोवरून हलणार नाही.

काळा_कोट

त्याच खटल्यावर माझी हरकत आहे, सर. तो अंक मी तीनदा वाचलाय. आरोप मांडले जातात, बचाव होतो, आणि निकालाची वेळ येईपर्यंत हल्ला होतो, सगळं उधळतं. निकाल लागलाच नाही. झेवियरनं शाळा दिली ती मैत्रीतून. मित्राची माफी आणि न्यायालयाचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि दीडशेव्या अंकात किटीच्या आधी काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही. मॅग्नेटो 'लेनिनग्राड' नावाची रशियन पाणबुडी बुडवतो, माणसांसकट. किटी वाचली, तिच्यासाठी त्याचे डोळे उघडले, आपलेही पाणावले. त्या पाणबुडीतल्या खलाशांपैकी एकाचंही नाव मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर सांगा.