पेज टायटल, मेटा डिस्क्रिप्शन, कीवर्ड्स: काय भरायचं आणि काय सोडायचं?

चाकधर:
नमस्कार मंडळी, सायकल दुरुस्तीवर मराठीत साइट चालवतोय, लेख बरेच झालेत पण सर्चमधून माणसं फारशी येत नाहीत. बघितलं तर सगळ्या पानांचं टायटल, म्हणजे सर्चमध्ये दिसणारं पानाचं नाव, एकच, 'मुख्यपान' आणि पुढे साइटचं नाव, साइटचा तयार साचा म्हणजे थीमच तसं टाकतेय. आता एकजण म्हणतो मेटा कीवर्ड्समध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या न दिसणाऱ्या शब्दयादीत, सुचतील तेवढे शब्द भर, दुसरा म्हणतो डिस्क्रिप्शन (टायटलखालचं छोटं वर्णन) बरोबर १६० अक्षरांचंच पाहिजे नाहीतर रँक पडतो. वर काही पानांना मी हाताने टायटल दिलं तरी गूगल भलतंच दाखवतंय. वेळ कमी आहे, कोडिंग जेमतेम येतं, आधी कशाला हात घालू?

कोडवेडा:
मेटा कीवर्ड्स विसरा. गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर सांगितलंय की वेब सर्चच्या रँकिंगसाठी आम्ही तो टॅग बघतच नाही. लोकांनी त्यात लेखाशी संबंध नसलेले शब्द एवढे कोंबले की त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थच उरला नाही, कारण वाचणाऱ्याला तो दिसत नाही म्हणजे खोटं लिहिलं तरी पकडायला कोणी नाही.

तुमचं खरं दुखणं टायटल आहे. सगळ्या पानांना एकच टायटल म्हणजे कुठल्या पानावर काय आहे हे ना सर्चला कळतं ना रिझल्ट बघणाऱ्याला. प्रत्येक पानाला वेगळं द्या, आणि माणूस जसं शोधतो तसं द्या. 'सायकलची चेन कशी साफ करावी' हे चांगलं. 'सायकल चेन, चेन सफाई, सायकल दुरुस्ती, बेस्ट सायकल टिप्स' हे वाईट, कारण हे वाचून आत काय मिळणार ते समजतच नाही. साइटचं नाव टाकायचं तर शेवटी टाका, म्हणजे तुटलं तरी महत्त्वाचं राहील.

लांबीचं म्हणाल तर टायटल रिझल्टमध्ये जागेच्या रुंदीनुसार कापलं जातं, अक्षरं मोजून नाही. ते जे ६० अक्षरांचं गणित फिरतं ते इंग्रजीवरून आलंय, मराठीला तसंच्या तसं लावू नका. अक्षरं मोजणारे बरेच काउंटर मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजतात, 'क्षि' दिसायला एक अक्षर पण मोजणीत चार! त्यामुळे काउंटर लाल झाला म्हणून चांगलं वाक्य मोडू नका, मोबाइलवर सर्च करून डोळ्यांनी बघा.

शब्दजुळारी:
गूगल टायटल का बदलतं त्याबद्दल लिहिते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली आणि पानावरची मुख्य हेडिंग जास्त वापरायला लागले, त्यावरून बरीच ओरड झाली, मग सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की साधारण ८७ टक्के वेळा टायटल टॅगमधलंच वापरतो. म्हणजे बदलणं हा नियम नाही, आणि बदललं तर बहुतेकदा कारण असतं: टायटल अर्धवट आहे, तेच सगळीकडे आहे, शब्द कोंबलेत, किंवा वर्ष जुनं राहिलंय आणि लेख नवा झालाय.

आपल्या लोकांसाठी आणखी एक कारण आहे जे फार कमी जण सांगतात. पान मराठीत, देवनागरीत, आणि टायटल मात्र रोमन लिपीत किंवा इंग्रजीत असेल तर गूगल पानाच्या लिपीशी जुळणारं दुसरं टायटल शोधतं. चाकधर दादा, तुमच्या त्या पानांची टायटल कुठल्या लिपीत आहेत?

चाकधर:
ताई, अगदी बरोबर पकडलंत, ती सगळी रोमनमध्येच आहेत, कारण लोक मोबाइलवर रोमनमध्ये टाइप करून शोधतात असं वाटलं. मग देवनागरीत करू? आणि डिस्क्रिप्शनचं काय?

शब्दजुळारी:
हो, देवनागरीत करा आणि वरच्या हेडिंगशी मेळ ठेवा, शब्द न् शब्द तोच नको पण अर्थ तोच हवा. डिस्क्रिप्शनने रँक वाढतही नाही आणि पडतही नाही, पण रिझल्टखाली ते दिसलं तर माणूस क्लिक करायचं की नाही ते त्यावरून ठरवतो, म्हणून मी तरी प्रत्येक पानाला मन लावून दोन वाक्यं लिहिते.

रात्रपाळी:
इथे मी सहमत नाही. तुम्ही कितीही छान लिहा, गूगल अनेकदा शोधलेल्या शब्दांप्रमाणे लेखातलाच तुकडा उचलून दाखवतं. आणि १६० वगैरे काही ठरलेलं नाही, डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी हा मजकूर लांब केला, लोक सगळी डिस्क्रिप्शन वाढवत बसले, आणि मे २०१८ मध्ये परत छोटा झाला. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने सर्च कन्सोलमध्ये (साइट चालवणाऱ्यांसाठीचं गूगलचं साधन) ज्या पानांना इंप्रेशन्स (रिझल्टमध्ये दिसण्याच्या वेळा) भरपूर पण क्लिक कमी आहेत तेवढीच घ्यावीत, बाकीच्या लेखांचा पहिला परिच्छेद नीट करावा, तो तर वाचकाच्याही कामाचा. फक्त एकच डिस्क्रिप्शन सगळीकडे चिकटवू नका, त्यापेक्षा रिकामं बरं.

शब्दजुळारी:
वेळ कमी असेल तर हे मान्य. पण लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की जो चौकोन येतो त्याचं टायटल, वर्णन आणि चित्र ओपन ग्राफच्या, म्हणजे शेअर केलेल्या लिंकसाठी कोडमध्ये भरायच्या टॅगमधून येतं, तिथे तुम्ही लिहिलेलंच दिसतं, तेवढं तरी भराच.

कोडवेडा:
सगळ्यांच्या आधी एक तपासा, पानाच्या सोर्समध्ये (कोडमध्ये) मेटा रोबोट्स टॅगात 'नोइंडेक्स', म्हणजे हे पान सर्चमध्ये दाखवू नका अशी सूचना, आहे का. साइट बांधताना सर्चपासून लपवायची सेटिंग चालू करतात आणि ती तशीच राहते, मग टायटल कितीही सोन्यासारखं असलं तरी पान येणारच नाही. उलट एखादं पान मुद्दाम लपवायचं असेल तर नोइंडेक्स टाकून वर रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) ब्लॉक करू नका, बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, पान उघडताच आलं नाही तर आतला टॅग दिसणार कसा?

टायटल बदललीत की सर्च कन्सोलमध्ये यूआरएल तपासून पुन्हा इंडेक्स करायची (गूगलच्या नोंदीत घ्यायची) विनंती टाका, पण महत्त्वाच्या पानांनाच, बाकीची बॉट फिरकेल तशी आपोआप बदलतील, काही दिवसांपासून काही आठवडेही लागतात. तोवर तीच टायटल रोज बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही.