ली-एनफील्डच्या सुट्या भागांवरील ठसे: निर्माता कोणाला म्हणावे?

अभिरक्षक:
आमच्या महाविद्यालयाच्या एनसीसी कक्षात कवायतीसाठी निकामी केलेली एक जुनी ली-एनफील्ड (ब्रिटिश काळातील लष्करी) रायफल प्रदर्शनात मांडायची आहे. दस्ता जिथे बसतो, त्या पोलादी भागाच्या उजव्या अंगावर मुकुट, ‘जीआर’, ‘बीएसए कंपनी’, १९१७ आणि ‘एसएचटी एलई III*’ असे ठसे आहेत. बोल्टवर (काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणाऱ्या सरकत्या भागावर) मात्र ‘ईएफडी’ आणि नळीखालच्या लाकडावर ‘आरएफआय’ दिसते. माहितीफलकावर निर्माता म्हणून कोणाचे नाव लिहावे?

जुनी शस्त्रे:
बीएसएचे, परंतु खुलाशासह. उजव्या अंगावरचे नाव रायफलीच्या मुख्य सांगाड्याचे असते; तो बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सचा, म्हणजे बीएसएचा आहे. ‘एसएचटी एलई III*’ (शॉर्ट ली-एनफील्ड, मार्क III*) हा नमुना १९१६ मध्ये स्वीकारला गेला आणि ‘क्रमांक १’ हे त्याचे नवे नाव १९२६ मध्ये आले, त्यामुळे १९१७ च्या सांगाड्यावर जुनेच नाव असणे अगदी सुसंगत आहे. ‘ईएफडी’ म्हणजे एनफील्डचा सरकारी कारखाना आणि ‘आरएफआय’ म्हणजे बंगालमधील रायफल फॅक्टरी इशापूर. अशा रायफली अनेक दशके सेवेत राहिल्या, दुरुस्तीत त्यांचे भाग बदलले गेले आणि लाकूड तर सर्वांत आधी बदलले जाई. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेलेला दिसला, तर ते इशापूरचे ओळखीचे मजबुतीकरण समजावे.

पोलादी:
यात एक भर घालतो, कारण चूक इथेच अधिक होते. मुकुट, आकडा आणि अक्षर एकत्र असलेली बारीक खूण तपासनिसाची असते, निर्मात्याची नव्हे. तसेच बाणाखाली ‘आय’ असेल तर ती भारत सरकारच्या मालकीची खूण आहे, तिच्यावरून इशापूरची निर्मिती ठरवता येत नाही. आता सांगाडा, नळी, बोल्टची मूठ आणि नोजकॅप (लाकडाच्या पुढच्या टोकावरचे धातूचे टोपण) यांवरील क्रमांक जुळवून पाहा.

अभिरक्षक:
आडवा स्क्रू आहे, बाणाखाली ‘आय’ही आहे. सांगाडा व नळी यांचा क्रमांक एकच आहे. बोल्टवर मात्र आधीचा क्रमांक खोडून हाच क्रमांक नव्याने ठोकलेला दिसतो.

पोलादी:
म्हणजे बोल्ट मूळचा नाही, नंतर याच रायफलीला बसवलेला आहे. फलकावर असे लिहावे: ‘सांगाडा बीएसए, बर्मिंगहॅम, १९१७, बोल्ट एनफील्डचा, नळीखालचे लाकूड इशापूरचे, भारतात सेवेत.’ खोडलेला क्रमांक घासून उजळवू नका, तो आहे तसाच दिसू द्या.