जुन्या व्हीएचएफ संचाचे ट्यूनिंग : प्रक्षेपण सुरू होताच रिपीटरचा रिसीव्हर बहिरा होतो

डोंगरमाथा :
नमस्कार. मोडीत निघालेला, क्रिस्टलवर चालणारा वाहनात बसवायचा एक जुना मोबाइल रेडिओ संच आम्ही रिपीटरसाठी (एका वारंवारतेवर आलेला संदेश त्याच वेळी दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) १४५.२०० मेगाहर्ट्झवर आणला आहे; रिसीव्हर १४४.६०० वर आहे. वॉटमीटरचा काटा सर्वांत वर जाईपर्यंत एकेक स्लग (कॉइलमधला फिरवता येणारा फेराइटचा गाभा) फिरवला. आता ड्युप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर प्रक्षेपण आणि ग्रहण वेगळे ठेवणारा फिल्टर) आधी ३० वॉट दिसतात, नंतर जेमतेम १२, आणि प्रक्षेपण सुरू झाले की क्षीण संदेश गडप होतात. ड्युप्लेक्सर बिघडला असेल का?

जुनी_कॉइल :
ड्युप्लेक्सरला इतक्यात दोष देऊ नये. दीड डेसिबेलची घट धरली तरी २१ वॉट पलीकडे यायला हवेत. वॉटमीटरला वारंवारता कळत नाही, तो सगळ्याची बेरीज दाखवतो. क्रिस्टल १२.१ मेगाहर्ट्झचा असेल, तर पुढच्या टप्प्यांत तिप्पट, दुप्पट आणि पुन्हा दुप्पट होत ३६.३, ७२.६ आणि १४५.२ अशी चढण होते. मधला एखादा टप्पा नीट जुळला नसेल, तर क्रिस्टलच्या ११ आणि १३ पटींवर, म्हणजे १३३.१ आणि १५७.३ वरही ऊर्जा सांडते आणि ड्युप्लेक्सर ती अडवतो. यातील १५७.३ सागरी व्हीएचएफ पट्ट्यात येते, तेव्हा किनाऱ्यालगतच्या मंडळींनी हे हलक्यात घेऊ नये. डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, ऊर्जा पचवणारा रोधक) लावा, ऑसिलेटरपासून सुरुवात करा आणि प्रत्येक टप्पा त्याच्या चाचणी-बिंदूवर जुळवा. स्लग फिरवायला प्लास्टिकचे साधन घ्या. लोखंडी पेचकसाने ट्यूनिंग तर बिघडतेच, शिवाय फेराइटही तडकते.

रात्रपाळी :
हरवलेल्या वॉटचे कारण पटते, परंतु अवघ्या ६०० किलोहर्ट्झवरचा रिसीव्हर बहिरा होण्यामागे बहुधा प्रक्षेपकाचा गोंगाट असतो. सप्लायचे व्होल्टेज हळूहळू वाढवून पाहा; पॉवर सलग न वाढता उडी मारत असेल, तर शेवटचा टप्पा अस्थिर आहे. असे संच मिनिटभर बोलून चार मिनिटे विश्रांती घेण्याच्या हिशेबाने बांधलेले असत, त्यामुळे रिपीटरवर पंखा लावून निम्म्या पॉवरवरच चालवावेत.

डोंगरमाथा :
दोघांचेही आभार. ७२.६ चा स्लग पूर्ण आत जाऊनही शिखर येत नव्हते, कारण संच मुळात १५० च्या वरच्या पट्ट्यासाठी होता. त्या कॉइलला ४.७ पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला. आता आधी २४ आणि नंतर १७ वॉट मिळतात. क्षीण संदेशही बरेचसे परतले आहेत. उरलेली खरखर ड्युप्लेक्सरकडे जाणारी केबल हलवली की बदलते, म्हणून उद्या ती बदलणार आहे.